‘तिथे पोचायला रूट (सिस्टमचा सर्वाधिकारी युजर) लागतो’ म्हणून बग सोडून द्यायचा का?

धागाकर्ता
सीव्हीई-२०२२-०१८५ हा सुरक्षा-बग आठवतोय? लिनक्स कर्नलमधला, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यातला, जानेवारी २०२२ मध्ये उघड झालेला. फाइलसिस्टम माउंट करताना (सिस्टमला जोडताना) दिलेले पर्याय ४०९६ बाइटांच्या बफरमध्ये (मेमरीतल्या ठरावीक जागेत) एकामागून एक जोडले जातात. नवीन पर्याय मावतो का हे बघायला तपासणी होती: त्याची लांबी ‘४०९६ वजा २ वजा आधी भरलेला भाग’ यापेक्षा जास्त असेल तर नाकारा. ते २ म्हणजे स्वल्पविराम आणि शेवटचा शून्य बाइट. वाचून बघा, खटकत नाही. पण आधीचा भाग ४०९५ झाला की वजाबाकी उणे १ येते, आणि अनसाइन्ड (उणे संख्या नसलेल्या) गणितात तिचे होतात १८४४६७४४०७३७०९५५१६१५. मग कुठलीही लांबी खपते आणि लिखाण बफरच्या बाहेर जातं.

माझं मत स्पष्ट आहे. अशी तपासणी नुसती संशयास्पद वाटली तरी दुरुस्त करावी, हल्ल्याचा पुरावा मागत बसू नये.

सर्व्हरवाला
अजिबात पटलं नाही. मेंटेनर (कोड सांभाळणारे) मोजके, संशय हजारो. त्या कोडपर्यंत कोण पोचू शकतं हे आधी दाखवायलाच हवं. इथे कॅप-सिस-ॲडमिन ही रूटच्या तोडीची परवानगी लागते. साध्या युजरला ती मिळाली ती युजर नेमस्पेसमुळे, म्हणजे त्याला आपल्यापुरतं रूट होऊ देणाऱ्या वेगळ्या कप्प्यामुळे. खरं भोक ते आहे. मॅक्स-युजर-नेमस्पेसेस (असे किती कप्पे बनवता येतील) ही सेटिंग शून्य करा, विषय संपला.

धागाकर्ता
विषय संपत नाही. ब्राउझरचं सँडबॉक्स (वेबपानांना कोंडून ठेवणारी सोय) आणि रूटलेस पॉडमन (रूटशिवाय कंटेनर चालवणारं टूल) युजर नेमस्पेसवर चालतात, ते बंद करायचे का? आणि तारखा बघा. साध्या युजरला युजर नेमस्पेस बनवता येऊ लागली कर्नल ३.८ पासून, २०१३ मध्ये. ही चूक आली ५.१ मध्ये, २०१९ साली. म्हणजे ‘फक्त रूट पोचतो’ हे गृहीतक कोड लिहिलं त्या दिवशीच सहा वर्षं शिळं होतं!

जुना सी-वाला
दुरुस्तीत वजाबाकीची बेरीज केली: भरलेला भाग अधिक लांबी अधिक २, हे ४०९६ पेक्षा जास्त तर नकार. पण बेरीजही ओव्हरफ्लो होऊ शकते (मर्यादेपलीकडे जाऊन पुन्हा लहान होते) हे लक्षात घ्या. इथे चालते कारण हे पर्याय कर्नलकडे देणारा एफएसकॉन्फिग सिस्टम कॉल पर्यायाचं नाव आणि किंमत दोन्ही आधीच २५६ बाइटांच्या आत ठेवतो. ती मर्यादा दुसऱ्या फाइलमध्ये आहे, उद्या कोणी वाढवली तर? नवीन कोडमध्ये बेरीज ओव्हरफ्लो झाली का हे सांगणारं चेक-ॲड-ओव्हरफ्लो सरळ वापरा.

सर्व्हरवाला
हे मान्य. पण हा बग सिझकॉलर या फझरने (आपोआप वेडीवाकडी इनपुट देऊन बग शोधणाऱ्या टूलने) पकडला. जवळपास तीन वर्षं कोड सगळ्यांसमोर होता, माणसांना दिसला नाही. रिव्ह्यूत संशय घेत बसण्यापेक्षा मशीन वेळ वाढवा.

धागाकर्ता
जरूर वाढवा. मात्र फझरला सापडेपर्यंत सर्व्हर उघडेच होते. एका ओळीचा पॅच होता हो. त्यासाठी आधी चालता एक्स्प्लॉइट (हल्ल्याचा कोड) आणा म्हणणं मला अजूनही मान्य नाही.