सॅम फ्रोडोला ‘तू’ म्हणेल की ‘तुम्ही’?

पारिजातक
नमस्कार मंडळी. बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय, इथे टॉल्किन वाचणारे बरेच जण आहेत म्हणून विचारते. दिवाळीच्या सुट्टीपासून मी लेकीला, वय वर्षं ९, रोज रात्री टॉल्किनचं लॉर्ड ऑफ द रिंग्ज सांगतेय (दुष्ट शक्तीची अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडो आणि सॅम या हॉबिटांची, म्हणजे बुटक्या माणसांची, गोष्ट), पुस्तक मांडीवर इंग्रजीच असतं पण तोंडातून मराठी, जमेल तसं, गाणी बरीचशी गाळून. आणि मराठीत सांगायला घेतलं की पहिल्याच पानापासून ठरवावं लागतं कोण कुणाला अरेतुरे करणार आणि कोण अहोजाहो. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’, त्यामुळे इतक्या वेळा वाचूनही हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. जादूगार गॅन्डाल्फला सगळे तुम्ही म्हणतात, मेरी-पिपिन हे मित्र फ्रोडोला अरेतुरे करतात, इथवर सोपं होतं. सॅमचं मी फार विचार न करता ‘फ्रोडोसाहेब, तुम्ही’ असं सुरू केलं, कारण तो ‘मिस्टर फ्रोडो’ म्हणतो आणि बॅग एंडच्या, म्हणजे फ्रोडोच्या घराच्या, बागेत कामाला आहे, त्याच्या आधी त्याचे वडील तिथले माळी.

परवा आम्ही इथिलियनला पोचलो, सशाच्या रश्श्याचा भाग. आधी सशांसाठी थोडी रडारड झाली, मग शांत झाल्यावर मी तिला सॅमच्या पाठपिशवीतून काय काय निघतं ते सांगत होते. एकात एक बसणारी दोन उथळ पातेली, त्यांच्या आत लाकडी चमचा, दोन दात्यांचा छोटा काटा, मांस भाजायच्या सळया, आणि पार तळाशी एका चपट्या लाकडी डबीत जपून ठेवलेलं थोडंसं मीठ. मीठ हो! शत्रूच्या दारात निघालेत, खायला लेम्बस नावाच्या प्रवासी भाकरीशिवाय काही नाही, परत यायची खात्री नाही, आणि हा माणूस आपल्या माणसाला कधीतरी गरम चवीचं खायला घालता येईल म्हणून एवढ्या लांब मीठ घेऊन आलाय. मग फ्रोडो झोपलेला असतो आणि सॅम त्याच्या चेहऱ्याकडे बघत मनाशी कबूल करतो की माझं यांच्यावर प्रेम आहे, काहीही असो. मी ‘यांच्यावर’ म्हणाले. लेक लगेच म्हणाली, “आई, सॅमला याचा पगार मिळतो का?”

मला उत्तरच देता येईना. तिच्या कानाला साहेब-तुम्ही ऐकून सॅम म्हणजे कामावरचा माणूस झालाय, आणि तिचं काही चुकलं असंही नाही, मीच तसं सांगितलंय. पण मी शाळेत असताना पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून सॅम माझा सगळ्यात लाडका आहे, अ‍ॅरागॉर्न नाही, गॅन्डाल्फ नाही, सॅम. तो माझ्या सांगण्यातून असा छोटा होऊन तिच्यापर्यंत पोचावा हे मला सहन होत नाहीये. सरळ ‘तू’ करून टाकू का? की ‘फ्रोडोदादा’? तुम्ही काय केलं असतंत?

आडवाटेचा प्रवासी
धागा फार आवडला. माझं मत ‘तुम्ही’ला. दोन कारणं. एक तर वय, फ्रोडो शायर, म्हणजे हॉबिटांचा मुलूख, सोडतो तेव्हा ५० वर्षांचा आहे आणि सॅम ३८चा, १२ वर्षांचं अंतर आहे, आपल्याकडे एवढ्या मोठ्या माणसाला शेजारचा मुलगाही अहोजाहो करतो, त्याला नोकर असायची गरज नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं. टॉल्किन १९१६ साली सोमच्या लढाईत लँकेशायर फ्युसिलियर्समध्ये सिग्नल ऑफिसर होते, आणि ब्रिटिश सैन्यात प्रत्येक अधिकाऱ्याबरोबर एक बॅटमन असायचा, म्हणजे आपल्याकडे ऑर्डर्ली किंवा सहायक म्हणतात तो. बूट, कपडे, चहा, अंथरूण सगळं तो बघणार, आणि गोळीबार सुरू झाला की तोच शेजारी. टॉल्किननी स्वतः लिहून ठेवलंय की सॅम हे १९१४च्या युद्धात आपण पाहिलेल्या साध्या शिपायांचं आणि बॅटमनचं प्रतिबिंब आहे, आणि ती माणसं आपल्यापेक्षा कितीतरी श्रेष्ठ आहेत हे आपल्याला कळलं होतं. हे एका अधिकाऱ्याने लिहिलंय हे लक्षात घ्या.

माझे मामा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या तोंडून मी त्यांच्या जुन्या साहेबांबद्दल एकदाही ‘तो’ ऐकलं नाही, कायम ‘ते’, आणि त्या साहेबांच्या शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलमध्ये आठ रात्री उशाशी बसलेले मामाच होते. नोकरी संपून तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. त्यामुळे ‘साहेब, तुम्ही’ म्हटलं की माणूस छोटा होतो हे मला पटत नाही. लेकीला असं काहीतरी सांगून बघा.

मुक्ता वाचते
आडवाटेचा प्रवासी, मामांचं वाचून डोळ्यात पाणी आलं खरंच. पण मी असहमत आहे आणि जरा सविस्तर लिहिते. सॅम आवडणाऱ्यांमध्ये एक सवय दिसते की ‘एकनिष्ठ’ म्हणायचं आणि थांबायचं. एकनिष्ठ तर बिल नावाचं तट्टूही आहे. सॅमचं सॅमपण मला दिसतं ते फ्रोडो शेजारी नसतो तेव्हा. शेलॉब या राक्षसी कोळिणीने दंश केल्यावर फ्रोडो मेला असं त्याला वाटतं, आणि मग तो एकटा बसून ठरवतो की अंगठी आपण पुढे न्यायची. कुणी सांगितलेलं नाही. मालकाच्या गळ्यातली साखळी काढून स्वतःच्या गळ्यात घालतो. नंतर किरिथ उंगोलच्या वाटेवर अंगठी त्याला मोह घालते, ज्वलंत तलवार घेतलेला महावीर सॅमवाइज, आणि त्याच्या आज्ञेने गोर्गोरॉथचं ओसाड पठार फुलांची नि फळझाडांची बाग होतं. बघा ना, मोहसुद्धा बागेचाच घालते! आणि तो त्यातून बाहेर येतो ते आधी फ्रोडोवरच्या प्रेमामुळे, आणि त्याचबरोबर त्याला आतून माहीत असतं म्हणून की आपल्याला स्वतःच्या हाताने करता येईल एवढी एक छोटी बाग पुरे, इतरांचे हात राबवून फुलवलेलं राज्य नको. हे वाक्य मला या पुस्तकातलं सगळ्यात मोठं वाटतं. नोकराच्या तोंडी लेखक असं घालत नाही, हा स्वतःचा मालक असलेला माणूस आहे.

आणि मग शत्रूच्या बुरुजात फ्रोडो जिवंत सापडतो, सॅम अंगठी परत द्यायला तयार असतो, फक्त म्हणतो की आता फार जड झालीय, ओझं वाटून घेऊ का, आणि फ्रोडो ती हिसकावून घेतो आणि त्याला चोर म्हणतो. चोर! त्या क्षणी सॅमच्या तोंडी मला ‘साहेब’ ऐकवणार नाही. माझं म्हणणं असं की सुरुवातीला तुम्ही ठेवा, पण मॉर्डॉरमध्ये, शत्रूच्या मुलखात, शिरल्यावर हळूहळू तू येऊ द्या. तोवर दोघांत उरलंय काय, एक पाण्याची बाटली आणि थोडी लेम्बस.

अवांतर: सिनेमात पायऱ्यांवर फ्रोडो सॅमला घरी हाकलतो ते पुस्तकात नाहीये, तिथे ते दोघं बरोबरच बोगद्यात शिरतात. लेक पुढे सिनेमा बघेल तेव्हा आधीच सांगून ठेवा, मला तो बदल अजूनही टोचतो.

रानजाई
मुक्ता +१. बागेचं तर अगदीच. पण एक सांगू का, सॅमवर एवढा जीव असूनही त्याची एक चूक मला दर वेळी हलवून जाते आणि ती लेकीला सांगताना कृपया गाळू नका. त्याच पायऱ्यांवर फ्रोडो आणि सॅम झोपलेत, गॉलम, अंगठीच्या मोहाने बिघडलेला त्यांचा वाटाड्या, परत येतो, त्यांच्याकडे बघत राहतो आणि थरथरता हात पुढे करून हळूच फ्रोडोच्या गुडघ्याला लावतो. तेवढ्या क्षणापुरता तो एक दमलेला म्हातारा हॉबिट दिसतो. सॅमला जाग येते, तो खेकसतो, ‘कुठे गेला होतास, लपूनछपून काय चाललंय’, आणि गॉलमच्या डोळ्यात ती हिरवी चमक परत येते. संपलं. टॉल्किननी एका पत्रात म्हटलंय की सगळ्या कथेतला कदाचित सर्वात शोकांत क्षण त्यांच्या लेखी हाच आहे, सॅमला गॉलममधला बदल कळला नाही हा. इतकं प्रेम करणारा माणूस, आणि ते एकाच माणसावर इतकं गोळा झालेलं असतं की शेजारच्याला त्यातलं थेंबभर मिळत नाही. पुढे अंगठी नष्ट करायच्या डोंगरावर गॉलम सॅमच्या तलवारीखाली येतो तेव्हा त्याचा हात उचलत नाही, कारण मधे थोडा वेळ का होईना अंगठी त्याने स्वतः वाहिलेली असते. मला सॅम आवडतो तो इथे.

तू-तुम्ही बद्दल माझं काही ठाम मत नाही.

भाषावेल्हाळ
उशिरा आलो. पारिजातक, तुमच्या प्रश्नाचं उत्तर चक्क टॉल्किननीच देऊन ठेवलंय आणि ते वाचून तुम्ही उडाल. रिटर्न ऑफ द किंगच्या शेवटी परिशिष्टं आहेत, त्यातलं एफ काढा, भाषांतराविषयीचा भाग. पुस्तक मुळात वेस्ट्रॉन भाषेतलं आहे आणि आपण ते फक्त इंग्रजीत आणलं असा त्यांचा आव आहे ना, तर तिथे ते म्हणतात की वेस्ट्रॉनमध्ये आपल्यासारखंच तू आणि तुम्ही वेगळं होतं, इंग्रजीत ते दाखवता आलं नाही. पण शायरमध्ये रोजच्या बोलण्यातून ‘तुम्ही’ गळून गेलं होतं. सगळ्यांना तू! पिपिन मिनास टिरिथला जातो तेव्हा पहिले काही दिवस लहानमोठा न बघता सगळ्यांना तू म्हणतो, तिथला राज्यकर्ता डेनेथॉर, खुद्द त्यालासुद्धा, आणि त्यामुळेच तिथल्या लोकांत बोलवा होते की हा आपल्या देशातला कुणीतरी फार बडा असणार.

आता पुढचं नीट वाचा. ते म्हणतात की ‘तुम्ही’ शिल्लक राहिलं होतं फक्त खेड्यातल्या लोकांत, विशेषतः वेस्टफार्दिंगमध्ये, म्हणजे शायरच्या पश्चिम भागात, आणि तिथे ते लाडाने वापरायचे. आदराने असं म्हटलेलं नाही, लाडाने. आणि सॅमचं गाव हॉबिटन कुठे आहे? वेस्टफार्दिंगमध्येच. सॅम खेड्यातलाच. म्हणजे सॅम फ्रोडोला ‘तुम्ही’ म्हणत असेल तर ते आपली आजी वर्षाच्या नातवाला ‘या हो राजे, जेवायला या’ म्हणते त्या जातीचं आहे. मराठीत आपल्याला हे समजावून सांगावंच लागत नाही, आपण रोज करतो. आणि उलटही करतो, विठोबाला तू म्हणतो.

थोडक्यात तुमचा पहिल्या रात्रीचा ‘तुम्ही’ बरोबर होता, फक्त ‘साहेब’ काढून टाका. गॅन्डाल्फला मात्र पिपिनकडून तू म्हणवा, मजा येईल ऐकायला.

आडवाटेचा प्रवासी
अरे वा. परिशिष्टं मी कायम वंशावळी आणि सनावळीसाठीच चाळली, हे वाचलंच नव्हतं. वाचनखूण साठवली. मुक्ता, तुमचा मॉर्डॉरचा मुद्दा मात्र डोक्यातून जात नाहीये. तिथलाच एक प्रसंग सांगतो, पारिजातक तुम्हाला माहीत असेलच पण लेकीपर्यंत पोचायला अजून अवकाश आहे. ओझं कमी करायचं म्हणून डोंगराच्या अलीकडे दोघं सामान टाकून देतात. फ्रोडो आपलं सगळं सहज फेकतो. सॅमला बाकी काही टाकताना वाटत नाही, पातेली टाकायची म्हटल्यावर डोळे भरून येतात. तो विचारतो, तो ससा आठवतो का, ती ऊबदार जागा, मी हत्ती पाहिला तो दिवस? आणि फ्रोडो म्हणतो नाही, अन्नाची चव, पाण्याचा स्पर्श, काहीच आठवत नाही. मग सॅम ती पातेली तिथेच वाटेत ठेवून देत नाही, गॉलमच्या हाती लागू नयेत म्हणून एका खोल भेगेपाशी घेऊन जातो आणि आत टाकतो, आणि खाली काळोखात ती आदळत जातात तो आवाज त्याच्या काळजात मरणघंटेसारखा वाजतो. राज्यं बुडालेली वाचताना मला काही होत नाही, इथे दर वेळी पुस्तक मिटून ठेवावं लागतं. तिथे त्याने ससा आठवतो का हे ‘तुम्हाला’ विचारलं की ‘तुला’, मला दोन्ही तेवढंच लागेल.

पारिजातक
सगळ्यांचे मनापासून आभार, काल ऑफिसमधून येताना लोकलमध्ये सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. भाषावेल्हाळ, घरी आल्या आल्या परिशिष्ट काढून बघितलं, अगदी तसंच आहे. रात्री लेकीला म्हटलं की सॅमच्या गावात सगळे सगळ्यांना तू म्हणतात, आणि तुम्ही फक्त फार लाडक्या माणसाला म्हणतात. ती जरा विचार करून म्हणाली, “आजी मला काय हो बाईसाहेब म्हणते तसं?” म्हटलं हो. मग म्हणाली, “मग गॉलमला तो तू म्हणणार.” मी म्हटलं हो, आणि फ्रोडो सॅमला? यावर तिचं म्हणणं की फ्रोडोनेही तुम्ही म्हणायला पाहिजे, सॅम एकटाच का लाड करणार. पुस्तकात तसं काही नाही पण कालपासून आमच्या घरात फ्रोडोसुद्धा सॅमला तुम्ही म्हणतोय आणि कानाला अजिबात खटकत नाहीये. पगाराचं परत विचारलं नाही.

रानजाई, गॉलमचा तो प्रसंग गाळणार नाही, वचन. त्या पायऱ्या रविवारपर्यंत येतील आणि त्यानंतर लगेच शेलॉब. तिला कोळ्यांची खरंच भीती वाटते, बाथरूममध्ये दिसला तरी हाक मारते. कुणी इतक्या लहान मुलाला तो भाग सांगितलाय का? दिवसा सांगावा असा विचार करतेय, गॅलड्रिएलने फ्रोडोला दिलेल्या प्रकाशाच्या कुपीचा उजेड आधी जरा जास्तच लांबवून.