पेपरमिंट फुलावर यायच्या आधी कापायचा की नंतर? तेलाचा वास का बदलतो?

रानवेडी
मंडळी, मी छोट्या डिस्टिलेशन सेटवर पेपरमिंटचं तेल काढते. आधी कोवळी वाढ होती तेव्हा काढलेलं, आता झाडं पार फुलावर आल्यावर काढलं. वाफा तोच, भांडं तेच, पण वास एकदम वेगळा. आधीचं उग्र होतं आणि गारवा कमी, आताचं मस्त गार लागतं पण मागे काहीतरी कडवट औषधी राहतं. जिथे वाचावं तिथे ‘फुलोऱ्यात कापा’ एवढंच. तेल कमीजास्त निघेल हे समजू शकते, पण तेलच बदलतं हे कसं काय?

अर्कवाला
बदलणारच. पानाची मागची बाजू भिंगाखाली धरून बघा, चकचकीत बारीक थेंब दिसतील, त्या तेलाच्या ग्रंथी. पेपरमिंटमध्ये पान साधारण 12 ते 20 दिवसांचं असतं तेव्हाच काय ते तेल बनतं, त्यानंतर नुसता साठा. पण साठा गप्प बसत नाही, कोवळ्या पानातल्या तेलात मेंथोन नावाचा घटक जास्त असतो आणि पान जून होत जातं तसं एन्झाइममुळे त्या मेंथोनचं मेंथॉल होत जातं. गारवा सगळा मेंथॉलचा, म्हणून तुमचं पहिलं तेल उग्र आणि दुसरं गार. आणि ती कडवट झाक बहुतेक फुलांमुळे, पेपरमिंटच्या फुलांत मेंथोफ्युरान बरंच असतं आणि ते तेलात नको असतं. म्हणून पेपरमिंट कापायचा तो फुलोरा नुकता लागायला लागला की.

पानफूल
‘फुलोऱ्यात कापा’ अगदीच चूक नाहीये हां. थाइम, ओरेगॅनो, बेसिल यांना बऱ्याचदा लागू पडतं. पण एकच नियम सगळ्यांना लावतात ना, तिथे डोकं फिरतं माझं. धन्याचंच घ्या. कोथिंबिरीच्या पाल्यात आणि हिरव्या दाण्यात डेकॅनलसारखी अल्डिहाइड्स (उग्र वासाची एक प्रकारची रसायनं) असतात, ज्याला काही लोक ढेकणाचा वास म्हणतात तो हाच. तोच दाणा पिकून वाळला की ती अल्डिहाइड्स कमी होतात आणि तेलात दोन तृतीयांशाच्या आसपास नुसतं लिनालूल असतं, गोडसर वासाचं. झाड एक, पण तेलं दोन आणि गिऱ्हाईकंही दोन. शेपूचं पण तसंच, पाल्यात फेलँड्रिन जास्त आणि बियांत कार्व्होन. जेनोव्हिज नावाच्या बेसिलच्या जातीत तर रोप 10 सेंमीपर्यंत असताना मिथाइल युजेनॉल वरचढ असतं, त्याहून उंच झालं की युजेनॉल. आता यात ‘योग्य वेळ’ कुठली सांगणार? आधी काय हवंय ते ठरवायचं, मग कात्री.

तोळामासा
वरचं पटलं, पण टक्केवारी बघून भुलू नका. कोवळ्या शेंड्यांत तेलाची टक्केवारी छान दिसते, पण माल किती निघतो? आणि उशीर केला तर काडी वाढते, खालची पानं पिवळी पडून गळतात. तेल पानात असतं, काडीत जवळजवळ नाहीच, म्हणजे भांडं भरलेलं दिसतं पण आत निम्मी काडी. अजून एक, कोवळ्या पाल्यात पाणी जास्त असतं, त्यामुळे ओल्या वजनावर दोन कापण्यांची तुलना केली तर उत्तर हमखास भलतंच येतं. सुक्या वजनावरच बघा. या एका गोष्टीवरून लोक विनाकारण भांडत बसतात.

रानवेडी
अच्छा, म्हणजे पुढच्या वेळी फुलं खुडून टाकून नुसती पानं घातली तर कडवटपणा जाईल का?

अर्कवाला
बराच कमी व्हायला हवा. पण फुलं टाकू नका, त्यांचं वेगळं तेल काढून वास घेऊन बघा, लगेच कळेल. आणि जमलं तर फांदीची वरची आणि खालची पानं पण वेगळी करा, कारण एकाच फांदीवर शेंड्याला कोवळं आणि बुडाशी जून पान असतं, म्हणजे अख्खी फांदी घातली की मिश्रणच निघतं. खालच्यात मेंथॉल जास्त मिळेल. फक्त पिवळी झालेली घालू नका.

तोळामासा
आणि प्रत्येक ढिगाचं वजन वाळवून घ्या, प्लीज 🙏