रस आहे, वेळ उरत नाही

कुणीतरी म्हटलंय, बेळगावच्या विद्यापीठात शिकणारी खानापूर-निपाणीकडची मुलं तास संपले की कार्यक्रमांना न थांबता घरी पळतात, त्यांना कशातच रस नसतो. मला हे अजिबात पटत नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ॲस्टिन यांनी १९८४ सालीच मांडलंय की सहभाग म्हणजे विद्यार्थी शिक्षणात घालतो तो वेळ आणि शक्ती. इथं दोन्ही बसमध्येच संपतात. राणी चन्नम्मा विद्यापीठ शहराबाहेर, भूतरामनहट्टीला. खानापूरच्या खेड्यातल्या पोरीला आधी बेळगाव गाठायचं, मग दुसरी बस. २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं (बायकांना सरकारी बसचा मोफत प्रवास) तिला तिकीट लागत नाही, हे फारच चांगलं झालं, पण गावची शेवटची बस तिच्यासाठी थांबत नाही. त्यात दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजी चर्चेत तोंड उघडायला धीर होत नाही. कार्यक्रम दुपारच्या वेळापत्रकातच घ्या, मराठीतून प्रश्न विचारू द्या.