मदत हवी आहे : हात सुरू झाले की हाय-हॅट घसरते

जॅझ ड्रमर मॅक्स रोचच्या १९६६च्या 'ड्रम्स अनलिमिटेड' अल्बममधला 'द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस' हा तीन मात्रांचा ड्रम सोलो बसवतोय. पायांनी पहिल्या मात्रेवर बास ड्रम, दुसरी-तिसरी हाय-हॅटवर (पायाने मिटणारी झांजांची जोडी). नुसते पाय मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत दहा मिनिटं बिनचूक चालतात. पण हातांचं वाक्य पुढच्या आवर्तनात लांबलं, की तिसऱ्या मात्रेची हाय-हॅट हाताच्या मागे ओढली जाते. मेट्रोनोम ५०वर आणला, 'धा धिं ना' म्हणत वाजवलं (तबल्याची जुनी खोड), एकेका हाताने करून पाहिलं. तेच! रोज प्रॅक्टिस पॅड, पायाखाली सतरंजी. खरा सेट फक्त रविवारी मिळतो. टाच टेकलेलीच असते. नोटेशन आहे, ते नकोय. आधी हातांची वाक्यं पायांवर तोंडाने म्हणून पक्की करू, की एकच स्ट्रोक मात्रेमात्रेवर सरकवत बसवू?