फ्रीझ केलेलं जेवण परत गरम कसं करता?

रविवारी डबल जेवण करून फ्रीझरला टाकते, पण पातेलं गार व्हायला रात्रभर ओट्यावरच राहतं, चालतं का?

> रात्रभर नको गं! 2 तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं. मोठ्या पातेल्यात मधलं अन्न कितीतरी वेळ कोमट राहतं आणि जंतूंना तेच हवं असतं, उथळ डब्यांत वाटून ठेव, पटकन गार होतं.

> भात तर अजिबात बाहेर ठेवू नका, त्यातल्या जंतूंचं विष परत उकळूनही जात नाही.

> फ्रीझरमध्ये जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात. डबा आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढायचा, मग मधोमध 74 अंश होईपर्यंत तापवायचा, मायक्रोवेव्ह असेल तर मधेच ढवळून.

बापरे, ओटा बंद! आता डब्यावर तारीखपण टाकते, मागचा एक तर काय होता तेच कळेना 😀