मदत हवी आहे: एका वृषणाला पीळ पडला, दुसऱ्याच्या रक्तपुरवठ्याचं काय?

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याचे. माझा भाचा दहावीत आहे. चतुर्थीत, आरत्या चालू असताना, पोटात दुखतंय म्हणून आडवा झाला. उलटीही झाली, पण नेमकं कुठे दुखतंय ते लाजेपोटी सांगेना. इस्पितळात डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केलं तर डाव्या वृषणात रक्तप्रवाहच नाही. पहिल्या सहाएक तासांत पीळ सोडवला तर वृषण बहुतेक वेळा वाचतं. इथे तेवढा वेळ उलटून गेला होता. काढावं लागलं. उजवं टाके घालून जागेवर बसवलंय, कारण ठेवणीतला दोष अनेकदा दोन्हीकडे असतो म्हणे.

आता ताईची झोप उडालीय ती उजव्यासाठी. उंदरांवरच्या काही प्रयोगांत एका बाजूला पीळ दिल्यावर दुसऱ्या बाजूचाही रक्तप्रवाह घटलेला दिसला, काहींत फरकच पडला नाही. घट का, तर प्रतिक्षिप्त क्रियेने रक्तवाहिन्या आकसतात, असा एक तर्क. शुक्रजंतूंविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार होऊन दुसऱ्या वृषणाला इजा होते, असाही एक तर्क आहे, पण तो रक्तप्रवाहाबद्दल नाही. पण उंदीर तो उंदीर, आमचा पोर तो पोर.

ग्रुपवर कोणी युरोलॉजिस्ट असल्यास सांगा: माणसात ही घट खरंच होते का, आणि झाली तर टिकते का? उजव्याचं डॉपलर पुन्हा करावं का? वीर्यतपासणी कोणत्या वयात? अशातून गेलेल्यांनीही लिहा, मेसेज केलात तरी चालेल. लेप, मालीश मात्र सुचवू नका, ते शेजारून भरपूर आलंय.