‘मुलं सहा महिन्यांत रुळतात’ म्हणे!

गोदाकाठचा
काल ‘सातासमुद्रापार’ यांचा धागा वाचला आणि डोकं फिरलं. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी मासला: मुलांना घेऊन परदेशी जाताना पालक उगाच धास्तावतात, मुलं सहा महिन्यांत रुळतात. नाही रुळली तर दोष आईबापांच्या हळवेपणाचा. त्यावर उपाय दोन. घरात मराठी कमी करा, आणि आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल फक्त रविवारी, दहा मिनिटं. खाली बावीस जणांनी ‘अगदी पटलं’ लिहिलंय. त्या बाविसांत चौदा-पंधरा वर्षांचं कुणी नसणार, म्हणून हे लिहितोय.

मी १५ ऑगस्ट २०१७ला नाशिकहून ड्युसेलडॉर्फला आलो. वय चौदा, नववी अर्धवट सुटलेली, गणपतीला दहा दिवस बाकी. आजीने हाताने कढवलेल्या तुपाची बरणी माझ्या बॅगेत होती. ती विमानतळावर कस्टमवाल्यांनी काढून घेतली. मी मुंबईला रडलो नव्हतो, तिथे रडलो.

मग रोजचं. शाळेतून दुपारी दोनच्या पुढे घरी. चावीने दार उघडायचं, आत कुणी नाही. हिवाळ्यात तेव्हा नाशिकला पावणेसात होत आलेले. मित्र क्लासला. ते सुटणार साडेआठला, म्हणजे माझे चार. मग कुणीतरी फोन लावून सायकलच्या कॅरिअरवर ठेवायचा, आणि मला निम्मं आकाश, निम्मी पाववड्याची गाडी दिसायची. कढईची वाफ कॅमेऱ्यावर आली की सगळं पांढरं. कोण बोलतंय ते आवाजावरून ओळखायचो. माझ्या दिवसातली ही वीस मिनिटं. उन्हाळ्यात हीच वेळ पाचला असायची. २९ ऑक्टोबरला इथली घड्याळं तासभर मागे गेली, वेळ चारवर आली, आणि मंगळवार-गुरुवारी चारला माझा जर्मनचा जादा तास. आठवड्यातले दोन दिवस गेले!

नाशिकला मी वर्गातला टवाळ होतो. इथे विनोद जर्मनमध्ये जुळवेपर्यंत विषय बदललेला असायचा. जर्मनीतल्या आमच्या राज्यात वर्गात तोंड उघडण्याला जवळजवळ लेखी परीक्षेइतकं वजन आहे. जे येत होतं त्याचेही मार्क गप्प बसण्यात गेले. गणितात ‘२’ मिळाले, आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘वीसपैकी का रे?’ इथे १ सगळ्यात वरचा आणि ६ म्हणजे नापास, हे समजावण्यात एक अख्खा कॉल गेला. तुमच्या हिशेबाने त्या रविवारचा कोटा संपला.

सातासमुद्रापार
माझ्या नावाने धागा काढल्याबद्दल आभार. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, म्युनिकजवळ राहतो, आठ महिने झाले. हँडबॉल खेळते, मैत्रिणी घरी येतात. मी अनुभवावरून लिहिलं होतं, कल्पनेने नाही.
आणि एक प्रश्न. आज तुम्ही कुठे आहात? जर्मनीतच ना? शिकताय, बहुतेक उत्तम जर्मन बोलताय. म्हणजे रुळलातच की! तुम्हाला वेळ लागला कारण तुमचं निम्मं आयुष्य रोज चार वाजता कॅरिअरवर ठेवलेलं होतं. एकच पाय इथे ठेवून कुणी धावतं का?

बारा_गावचं_पाणी
बाकी चालू द्या, पण तूप कसं काय काढून घेतलं? मी पंधरा वर्षं फ्रँकफर्टला तूप नेतोय. दोन किलो. कुणी विचारलं नाही. व्यवस्थित पॅक केलं नसणार.

नियमावर_बोट
पकडले गेला नाहीत म्हणजे नियम नाही असं होत नाही. युरोपीय संघाबाहेरून येताना मांस आणि दूध, दोन्हींचे पदार्थ प्रवाशाच्या सामानात चालत नाहीत. पेढे, बर्फी, खवा, तूप, सगळं त्यात आलं. १४ डिसेंबर २०१९पासून फळांनाही रोगमुक्तीचा दाखला लागतो. सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियनला. म्हणजे नारळ खुशाल न्या, हापूस नाही.

बारा_गावचं_पाणी
तूप म्हणजे दूध नव्हे. शुद्ध स्निग्धांश आहे तो. कढवल्यावर त्यात काय जिवंत राहतं? जरा शास्त्र वाचा.

दोन_चिमूट_हळद
तुपावरून भांडणाऱ्यांनो, दमा जरा.
सातासमुद्रापार, तुमचा रविवारचा उपाय आम्ही केलेला आहे. श्टुटगार्टला आलो तेव्हा मुलगा पंधराचा. शाळेतल्या समुपदेशकबाई म्हणाल्या, भारतातले फोन कमी करा. आम्ही आज्ञाधारक. तीन आठवडे घर एकदम शांत. मी मैत्रिणींना सांगतेय, बघा, रुळला! मग लक्षात आलं की याची अंघोळ चाळीस मिनिटं चालते. एके दिवशी दाराला कान लावला. नळ सोडून, टबाच्या काठावर बसून हा पुण्याला बोलत होता. तेही आजीशी नाही, आमच्या जुन्या सोसायटीच्या वॉचमनकाकांशी. विषय काय, तर कुत्रीला पिल्लं किती झाली.
गरम पाण्याचं बिल आलं ते वेगळंच.

सातासमुद्रापार
एका घरचा किस्सा म्हणजे पुरावा नव्हे.

दोन_चिमूट_हळद
आणि तुमचा हँडबॉल?

ढोरडॉक्टर
मी पशुवैद्य, म्हणून राहवत नाही. बारा_गावचं_पाणी, प्रश्न तुम्ही किती कढवलंत याचा नाही. कस्टमवाला प्रत्येक बरणी तपासू शकत नाही, म्हणून सरसकट बंदी. मूळ भीती लाळ्या-खुरकुताची. आपल्याकडे त्याच्या लसीची मोहीम गावोगाव चालते, जर्मनीत हा रोग १९८८नंतर नव्हता. जानेवारी २०२५मध्ये ब्रांडेनबुर्गात तो सापडला, तोही म्हशींच्या कळपात. पुढे कितीतरी देशांनी जर्मन मांस-दुधावर बंदी घातली. तुमच्या दोन किलोसाठी कुणाचा गोठा पणाला लावायचा?

बारा_गावचं_पाणी
म्हणजे जर्मनीतल्या म्हशी माझ्या तुपाने आजारी पडल्या? कमाल आहे! हल्ली काहीही झालं की बोट आपल्याकडेच. आपल्याच लोकांना आपल्या पदार्थांची लाज. इथून चीज आणताना कुठे जातात हे नियम?

ढोरडॉक्टर
तुमच्या तुपाने झालं असं मी कुठे लिहिलंय? वाक्य पुन्हा वाचा. नीट वाचता येत नसेल तर शास्त्र कशाला शिकवता?

नवोदयी
मूळ विषयावर येतो. मी लातूर जिल्ह्यातला, सहावीपासून नवोदयला. अकरा वर्षांचा होतो. नववीत आमच्यातल्या साधारण तीस टक्के मुलांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात. माझा नंबर उत्तर प्रदेशात लागला. व्हिडिओ कॉल नव्हता. आठवड्यातून एक फोन, मागे रांग, आई ‘जेवलास का’ म्हणेपर्यंत पुढचा मुलगा पाठीत बोट खुपसायचा. पहिला महिना रात्री पांघरुणात रडलो. मग रडणं संपलं. आज त्या वर्षाचे मित्र सगळ्यात जवळचे. तेव्हा सातासमुद्रापार यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. फोन कमी असला की माणूस शेजारच्या खाटेवरच्याशी बोलतो.

गोदाकाठचा
दादा, तुमच्या शेजारच्या खाटेवर लातूरचाच दुसरा मुलगा होता की नाही? तीस टक्के म्हणजे वर्गातली बरीच मुलं एकत्र गेलात. आणि वर्ष संपलं की परत येणार हे ठरलेलं होतं. मला कुणी परतीची तारीख सांगितली नव्हती. ‘बघू दोन वर्षांनी,’ म्हणायचे बाबा.

नवोदयी
होता. निलंग्याचा. हे मान्य. पण तुझ्याही वर्गात नवीन मुलं असतीलच की.

कोयता
वाचतोय मघापासून. विमानातून गेलेल्या पोरांचं दुःख, तुपाचं दुःख. आमच्या बीडकडची पोरं दिवाळीच्या सुमारास आईबापाबरोबर उसाच्या फडावर जातात ती मार्च-एप्रिलला येतात. दर वर्षी. वर्ग सुटतो, मित्र सुटतात. चौदाची पोरगी पाल सांभाळते, धाकटं भावंड सांभाळते. तिच्या ‘घरच्या आठवणी’वर किती धागे निघाले इथं? तिला समुपदेशकबाई कोण?

शिळोप्याचा_संपादक
आता हे सुरू झालं. प्रत्येक धाग्यावर हे आणलंच पाहिजे का?

कोयता
हो. आणलंच पाहिजे. तुपाला चालतं तर उसाला का नाही?

गोदाकाठचा
कोयता, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते देण्याचा आवही आणणार नाही. माझ्या स्वागतवर्गात, म्हणजे परदेशातून नव्याने आलेल्या मुलांच्या वर्गात, एक सिरियन मुलगा होता. मी दिवाळीला शाळा आहे म्हणून कुरकुरलो, १९ ऑक्टोबरचं लक्ष्मीपूजन आणि मी भूगोलाच्या तासाला. तो म्हणाला, तुझं घर आहे तिथेच आहे ना अजून? मला त्याचा रागच आला होता. त्याचं खरं होतं, तरी आला. मोठं दुःख शेजारी ठेवलं म्हणून चौदाव्या वर्षी आपलं लहान होत नाही. तुमच्या फडावरच्या मुलीलाही कुणी ‘सिरियात बघ’ म्हटलेलं चालणार नाही.

कोयता
शब्दांत पकडलंस. बरं. पण त्या पोरीवर धागा काढतो उद्या. तिथं ये म्हणजे झालं.

सातासमुद्रापार
सगळे मलाच राक्षस ठरवून मोकळे. मी मुलीचे फोन तोडलेले नाहीत, वेळ लावून दिली आहे. आणि घरात मराठी कमी केली तर काय बिघडलं? ती वर्गात हात वर करते आता. गोदाकाठचा स्वतःच लिहितोय की तोंडी सहभागाचे मार्क गेले. बाळ, तू अजून लहान आहेस. बाप होशील तेव्हा कळेल.

गोदाकाठचा
‘बाळ’ नको. बावीस वर्षांचा आहे मी, आणि या विषयात तुमच्यापेक्षा सीनियर.
घरात मराठी कमी केली म्हणजे काय होतं सांगतो. आमच्याही घरी दोन महिने जेवताना जर्मन बोलायचा नियम होता. आईचं जर्मन माझ्याहून कच्चं. टेबलावर तीन माणसं ‘मीठ दे’, ‘शाळा कशी होती’, ‘छान’ एवढंच बोलायची. शाळेत मुका होतोच, घरीही झालो. आईने एका रात्री पिठल्याचा चमचा आपटला आणि म्हणाली, ‘मरू दे ते जर्मन, सांग काय झालं ते.’ त्या रात्री साडेबारापर्यंत बोललो. जर्मन नंतर आलं, फुटबॉलमुळे आणि त्या सिरियन मुलामुळे. आम्हा दोघांत दुसरी भाषाच नव्हती.
आणि हो, मी इथेच आहे, रुळलोय. रंगपंचमीला नाशिकच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदात, पोरं उड्या मारतात त्याचे व्हिडिओ आले की मी फोन उलटा ठेवतो, तेही आहे. दोन्ही आहे.

सातासमुद्रापार
पिठल्याच्या चमच्यापुढे काय बोलणार. मराठीचा मुद्दा सोडतो, आमच्याकडेही जेवताना हल्ली फारच शांतता असते, एवढं कबूल. फोनचा सोडत नाही.

दोन_चिमूट_हळद
उपकार झाले.

बारा_गावचं_पाणी
पण मुद्दा राहिलाच. अमेरिकेत माझा मेव्हणा बिनधास्त नेतो तूप.

शिळोप्याचा_संपादक
तुपासाठी वेगळा धागा काढा. शेवटची विनंती.

नियमावर_बोट
मेव्हण्याचं उदाहरण युरोपला लागू नाही. आणि न्यायचंच कशाला? इथलं लोणी कढवा.

बारा_गावचं_पाणी
इथल्या लोण्याला तो वास येत नाही. सांगणाऱ्याने कधी घरचं तूप खाल्लेलं दिसत नाही.

गोदाकाठचा
येतो काका, लोणी बघून घेतलं तर. साधं गोड सायीचं घेतलंत तर नाही येणार. आपलं लोणी विरजणाचं, तसंच इथे आंबवलेल्या सायीचंही मिळतं. आईने चार ब्रँड कढवून बघितले तेव्हा कळलं. बेरी खरपूस होईपर्यंत मंद आचेवर ठेवायचं, आणि खिडकी उघडी, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो. आमचा दोनदा वाजलाय. वरच्या मजल्यावरच्या आजी तेव्हापासून ओळख दाखवतात.

ढोरडॉक्टर
बघा, म्हशी वाचल्या.

सातासमुद्रापार
काल रात्री मुलीला या धाग्याबद्दल सांगितलं. म्हटलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, ‘बाबा, रविवारी आजी देवळात जाते, दहा मिनिटांतली सहा तिला चष्मा सापडण्यात जातात.’ तर वार बदलून बुधवार केला आहे. मिनिटं वाढवलेली नाहीत. चष्मा सापडल्यावर मोजायला सुरुवात करतो, एवढंच.
त्या लोण्याच्या पाकिटावर नेमकं काय लिहिलेलं असतं म्हणालात?

गोदाकाठचा
‘झाउअररामबुटर’. ते नसेल तर ‘मिल्डगेझॉयर्ट’ लिहिलेलं. बिनमिठाचं बघून घ्या.